आधी खालचा थर लावा!

आमच्या कपाटाच्या वरच्या खणात एक निळी जर्सी घडी करून ठेवलेली आहे. पाठीवर २६ आकडा आणि वर नाव: बार्कली. २०१८ साली चिरंजीव दहा वर्षांचे झाले तेव्हा हट्ट करून घ्यायला लावली होती. आता चिरंजीव माझ्यापेक्षा उंच झालेत, ती जर्सी त्यांच्या डोक्यातूनही खाली उतरणार नाही. पण टाकून द्यायचं नाव काढलं की घरातलं वातावरण बिघडतं. मागच्या आठवड्यात आवराआवरी करताना ती पुन्हा हातात आली आणि आमचं जुनं भांडण पुन्हा सुरू झालं. जेवणाच्या टेबलावर मला कधीच पूर्ण बोलू दिलं जात नाही. म्हणून आज इथे एकदाचं सगळं लिहून टाकतो.

भांडणाचा विषय असा: अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये अगदी वरच्या क्रमांकावर रनिंग बॅक घ्यावा का? माझं उत्तर ठाम आहे. ज्याचा संघ मुळात कच्चा आहे, त्यानं तर मुळीच घेऊ नये. पोरगा म्हणतो, "बाबा, तुम्हाला खेळ कळत नाही, फक्त हिशेब कळतो." फिलाडेल्फियाजवळ राहणारा माझा मेव्हणाही त्याच्याच बाजूचा. ९ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री ईगल्सनी सुपर बोल जिंकला, तेव्हा सामना संपतो न संपतो तोच त्याचा फोन. "काय दाजी, रनिंग बॅकवर पैसे घालू नयेत म्हणत होतात ना?"

जायंट्सच्या चाहत्यानं त्या रात्री तोंड उघडण्यात काही अर्थ नव्हता. गप्प बसलो. आज बोलतो.

आधी साताऱ्याच्या आत्यासाठी थोडक्यात. (बाकीच्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.) आत्या, हा फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांचा. मधला क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो, नाहीतर मागच्या गड्याच्या हातात देतो. तो मागचा गडी म्हणजे रनिंग बॅक. चेंडू पोटाशी धरून तो समोरच्या गर्दीत घुसतो. त्याच्या पुढे पाच धिप्पाड माणसांची ओळ असते, एकेक जण दीडशे किलोच्या आसपास. त्यांचं काम एकच, समोरच्यांना ढकलून वाट करून द्यायची. दर वर्षी एप्रिलमध्ये कॉलेजातून येणाऱ्या पोरांचं वाटप होतं, तो ड्राफ्ट. बत्तीस संघ, सात फेऱ्या. आदल्या मोसमात जो सगळ्यात जास्त हरला त्याला पहिली निवड. पोरानं कुठे जायचं ते पोराच्या हातात नसतं.

आता २०१८. त्याच्या आदल्या मोसमात आमचे जायंट्स १६ पैकी ३ सामने जिंकले होते. क्वार्टरबॅक एली मॅनिंग सदतीस वर्षांचा, आणि पुढची ओळ खिळखिळी. हातात आली दुसऱ्या क्रमांकाची निवड. त्यांनी घेतला पेन स्टेटचा सेक्वॉन बार्कली. खरं सांगतो, त्या दिवशी मीही सोफ्यावरून उडी मारली होती. पोरगा असा धावायचा की बघणाऱ्याच्या पायात बळ यावं. पहिल्याच मोसमात धावून आणि झेलून मिळून २०२८ यार्ड, वर्षातला सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू म्हणून बक्षीस. आणि संघानं सामने किती जिंकले? १६ पैकी ५.

पुढच्या मोसमात ४. त्याच्या पुढच्या, २०२० च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत बार्कलीच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. सहा मोसम तो जायंट्सकडे होता. त्यातल्या फक्त एका मोसमात, २०२२ मध्ये, संघ हरण्यापेक्षा जास्त वेळा जिंकला. बाद फेरीतला एकच विजय. एका माणसाच्या उमेदीची, गुडघ्यांची आणि घोट्यांची सहा वर्षं, आणि पदरात हे.

मी बार्कलीला नावं ठेवत नाहीये. उलट माझं भांडण त्याच्याच वतीनं आहे, हे कुणी ऐकूनच घेत नाही.

आपल्याकडे दहीहंडी फुटते तेव्हा दुसऱ्या दिवशी फोटो कुणाचा छापून येतो? वर चढलेल्या पोराचा. तो चपळ असतो, धीट असतो, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण खालच्या थरातल्या एका खांद्यानं जरा कच खाल्ली की तोच पोरगा सगळ्यात उंचावरून खाली येतो. कुठलंही मंडळ आधी वरचा पोरगा ठरवून मग खालचे खांदे शोधायला निघत नाही. जायंट्सनी नेमकं तेच केलं.

"पण बाबा, चांगला रनिंग बॅक ओळ कच्ची असली तरी वाट काढतो." हा चिरंजीवांचा हुकमी एक्का. त्याला माझं उत्तर डॅलसमधून. २०१४ साली डॅलस काउबॉइजचा डिमार्को मरे १८४५ यार्ड धावला, लीगमध्ये सगळ्यात जास्त. लगेच ईगल्सनी मोठा करार देऊन त्याला उचललं. २०१५ मध्ये तिथे त्याचे यार्ड झाले ७०२. तोच माणूस, तेच पाय. आणि डॅलसनं त्याच्या जागी कुणाला उभं केलं? डॅरेन मॅकफॅडनला. २००८ साली रेडर्सनी चौथ्या क्रमांकावर घेतलेला आणि पुढे दुखापतींनी बेजार झालेला गडी, बऱ्याच लोकांनी मोडीत काढलेला. तो २०१५ मध्ये १०८९ यार्ड धावला. कारण डॅलसनं २०११, २०१३ आणि २०१४ अशा तीन वर्षी पहिल्या फेरीतली निवड पुढच्या ओळीसाठी खर्च केली होती. टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन. हे होते खालचे खांदे.

ह्या गोष्टीचा दुसरा भाग तर अजून बोलका आहे. हजारावर यार्ड धावणारा माणूस असूनही डॅलस त्या मोसमात १६ पैकी ४ सामने जिंकलं, कारण क्वार्टरबॅक टोनी रोमोचं गळपट्टीचं हाड एकाच मोसमात दोनदा मोडलं. म्हणजे धावणं चाललं, संघ बुडाला. पुढच्या वर्षी चौथ्या क्रमांकावर त्यांनी एझिकेल एलियट घेतला, तो १६३१ यार्ड धावला, संघ १३ सामने जिंकला आणि सगळे म्हणाले, बघा रनिंग बॅकची जादू! अहो, त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १३५ व्या क्रमांकावर, डॅलसला डॅक प्रेस्कॉट नावाचा क्वार्टरबॅक सापडला होता, ते कोण सांगणार? आणि त्या मोसमात धावण्यात दुसरा कोण आला माहीत आहे? शिकागोचा जॉर्डन हॉवर्ड. तोही नवाच. पाचव्या फेरीत, १५० वा. १३१३ यार्ड. त्याचा संघ १६ पैकी ३ सामने जिंकला.

आता हिशेब. (हो, मला हिशेब कळतो. त्यात लाज कसली?) २०११ च्या करारापासून ड्राफ्टमधल्या पोराचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला त्यावरून ठरतो, कुठल्या जागी खेळतो त्यावरून नाही. अनलिमिटेड आमरसाची थाळी असते ना, तसंच हे. दर ठरलेला. मग माणसानं आमरस ओरपावा की भातानं पोट भरावं? वरच्या क्रमांकाला क्वार्टरबॅक लागला तर चार-पाच वर्षं तो बाजारभावाच्या कितीतरी कमी पैशांत मिळतो. २०२४ मध्ये प्रेस्कॉटचा करार वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा झाला, त्यावरून बाजारभाव कळेल. रनिंग बॅकमध्ये सरासरी २ कोटींच्या वर जाणारा पहिला माणूस खुद्द बार्कली, तोही मार्च २०२५ मध्ये. जायंट्सशी केलेल्या पहिल्या करारात त्याला चार वर्षांचे सुमारे ३.१ कोटी मिळाले. त्या वेळी तो पहिल्याच दिवशी लीगमधल्या महागड्या रनिंग बॅकपैकी एक होता. म्हणजे सवलत जवळपास शून्य.

"मागे वळून बघितल्यावर कोणीही शहाणा होतो," असं मेव्हणा म्हणेल. मान्य. म्हणून मी जॉश ॲलन सातवा गेला आणि लमार जॅक्सन बत्तिसावा गेला म्हणून रडत बसत नाही. त्याच ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक म्हणून फुकट गेलेलेही होते. मी साधा सवाल करतो. सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सन गेला. पुढच्या ओळीतला गडी. पहिल्याच मोसमात तो लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. आणि जायंट्सची पुढची निवड होती ३४ वी. तिथे त्यांनी, आता आठवण झाली म्हणून, ओळीसाठी विल हर्नांडेझला घेतलं. लगेच पस्तिसावा कोण गेला? निक चब, रनिंग बॅक! २०१९ ते २०२२ अशी सलग चार वर्षं हजारावर यार्ड धावलेला. म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर खांदा आणि चौतिसाव्यावर वर चढणारा पोरगा घेता आला असता. आम्ही क्रम उलटा केला. नेल्सन आणि चबचं नाव काढलं की आमचे चिरंजीव पाणी प्यायला उठून जातात. :)

आता वळू त्या सुपर बोलकडे, म्हणजे मेव्हण्याच्या फोनकडे. २०२४ मध्ये ईगल्सकडे गेल्यावर बार्कली २००५ यार्ड धावला. ऑक्टोबरमध्ये आमच्याच मैदानावर येऊन आमच्याच विरुद्ध १७६ यार्ड धावला, आम्ही २८-३ असे हरलो. टीव्हीसमोर पोरगा टाळ्या वाजवत होता आणि रडवेलाही झाला होता, दोन्ही एकदम. तेव्हा त्याला काही समजावणं मला जमलं नाही.

पण ईगल्सनी बार्कलीसाठी ड्राफ्टमधली एकही निवड खर्च केली नव्हती. त्यांनी निवडी कुठे खर्च केल्या होत्या ते बघा. लेन जॉन्सन, २०१३ चा चौथा. लँडन डिकरसन आणि कॅम जर्गन्स, दुसऱ्या फेरीतले. आणि जॉर्डन मायलाटा, सिडनीचा रग्बी लीग खेळणारा गडी. ह्या खेळाचा एकही सामना न खेळलेल्या त्या माणसाला त्यांनी सातव्या फेरीत घेतलं आणि घडवलं. कोणत्या वर्षी? २०१८. ज्या ड्राफ्टमध्ये आम्ही दुसऱ्या क्रमांकावर बार्कली घेतला, त्याच ड्राफ्टमध्ये २३३ व्या क्रमांकावर ईगल्सनी त्याच्यासाठी वाट करून देणारा माणूस घेऊन ठेवला होता. थर लावून झाले, मग सगळ्यात शेवटी वरचा गडी चढवला. हंडी फुटली.

शिवाय अंतिम सामन्यात काय झालं? बार्कलीनं २५ वेळा चेंडू घेतला आणि यार्ड निघाले ५७. कॅन्सस सिटीनं त्यालाच अडवायचं ठरवलं होतं. तरी ईगल्स ४०-२२ नं जिंकले, कारण त्यांच्या बचावानं मॅहोम्सला सहा वेळा चेंडूसकट आडवं केलं. कूपर डीजीननं पास मधल्या मधे पकडून थेट गोल रेषेपर्यंत नेला. (त्या दिवशी डीजीनचा बाविसावा वाढदिवस होता आणि बार्कलीचा अठ्ठाविसावा, हा योगायोग मात्र मला फार आवडतो.) पुढच्या, म्हणजे २०२५ च्या मोसमात ईगल्सच्या त्याच ओळीतले एकेक जण दुखापतीनं हैराण झाले आणि बार्कलीचे यार्ड बाराशेच्याही आत आले. कुणी म्हणेल वय झालं. ठीक आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी जिथे 'वय झालं' म्हणतात, त्या जागेवर तळाच्या संघानं वरची निवड उधळावी का, हाच तर माझा प्रश्न आहे!

अपवाद आहेत, मी आंधळा नाही. २०२३ मध्ये डेट्रॉइट लायन्सनी बाराव्या क्रमांकावर जमीर गिब्स घेतला आणि तो सोन्यासारखा निघाला. पण डेट्रॉइटची ओळ तेव्हा तयार होती. थर लागलेले असतील तर वरचा पोरगा जरूर घ्या. तीस वर्षांपूर्वी ह्याच डेट्रॉइटकडे बॅरी सँडर्स होता, १९८९ चा तिसरा. जुन्या चित्रफिती बघा, त्याच्यासारखा वळणारा माणूस पुन्हा झाला नाही. दहा मोसमांत १५,२६९ यार्ड, आणि बाद फेरीतला विजय फक्त एक. त्याच्या पुढच्या वर्षी डॅलसनं सतराव्या क्रमांकावर एमिट स्मिथ घेतला, त्याच्या हाती तीन सुपर बोल लागले. दोघांत दैवी कोण, हे विचारलं तर मी डोळे मिटून सँडर्स म्हणेन. पण दैवी माणूस एकटा सोडला की त्याचं काय होतं, ते डेट्रॉइटनं दहा वर्षं बघितलं.

आणि तरीही धडा कोणी घेत नाही. २०२५ मध्ये रेडर्सनी सहाव्या क्रमांकावर ॲश्टन जेंटी घेतला. कॉलेजच्या शेवटच्या मोसमात २६०१ यार्ड धावलेला, बॅरी सँडर्सच्या १९८८ च्या विक्रमाला २७ यार्ड कमी पडलेला पोरगा. पहिल्या मोसमात त्याचे हजार यार्डही पूर्ण झाले नाहीत. चेंडू हातात पडेपर्यंत समोरचे अंगावर आलेले असायचे. संघ १७ पैकी ३ सामने जिंकला. टीव्हीवर त्याला मातीत जाताना बघून मला आमच्या कपाटातली ती जर्सी आठवायची.

इथवर आलो की चिरंजीव शेवटचा प्रश्न टाकतात, आणि तिथे माझी बोलती बंद होते. "मग बाबा, बार्कलीनं काय करायला हवं होतं? दुसऱ्या फेरीत जायचं? थोडे पैसे घ्यायचे?"

नाही. अजिबात नाही. दुसऱ्या क्रमांकाचे ते ३.१ कोटी त्याला त्याच वेळी मिळाले ते बरं झालं, कारण पुढची खात्री कुणालाच नव्हती. आणि माझा हिशेब चुकीच्या हाती पडला तर काय होतं तेही मी बघितलंय. 'रनिंग बॅकला किंमत नाही' हे वाक्य मालकांच्या फार सोयीचं आहे. चार वर्षांचा पहिला करार, पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर, आणि वर 'फ्रँचाइझ टॅग' लावून सहावंही. बार्कलीला २०२३ मध्ये असाच टॅग लागला, एका वर्षाचे सुमारे एक कोटी. ज्याचे पाय सत्ताविशीत थकतात, त्याला मोकळ्या बाजारात जाऊ देईपर्यंत तो सत्ताविशीत आलेला असतो. त्यात हायस्कूलनंतर तीन वर्षं ड्राफ्टला उभंच राहायचं नाही, हा नियम आहेच. मॉरिस क्लॅरेट नावाच्या रनिंग बॅकनं त्याविरुद्ध दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकला आणि २००४ च्या मे महिन्यात वरच्या कोर्टात हरला.

म्हणून माझं म्हणणं दोन्ही बाजूंनी ऐका, निम्मं नको. कच्च्या संघांनो, वरची निवड रनिंग बॅकवर घालवू नका. आणि ह्याच कारणासाठी, लीगच्या मालकांनो, ह्या पोरांना सहा-सहा वर्षं बांधूनही ठेवू नका. तीन वर्षांत मोकळं करा, टॅग लावू नका. पाय कधी थकतात ते तुम्हालाही माहीत आहे, म्हणूनच तर तुम्ही दुसरा करार देताना हात आखडता घेता. उमेदीची वर्षं स्वस्तात वापरायची आणि नंतर वयाचं कारण सांगायचं, ह्याला हिशेब म्हणत नाहीत. आमच्या गावाकडे ह्याला दुसरा शब्द आहे, तो आत्या वाचते म्हणून लिहीत नाही.

हे सगळं मी परवा पोराला एका दमात सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही २०१८ ला उडी मारली ती चूक होती." म्हटलं, हो, चूकच. "मग जर्सी का टाकत नाही?"

जर्सी पुन्हा घडी करून वरच्या खणात ठेवली आहे.

ता. क. मेव्हण्यानं हे वाचलं असेल तर फोन रविवारी कर. त्या दिवशी तुझी बहीण बटाटेवडे करणार आहे, तेव्हा माझं तोंड भरलेलं असेल आणि तुला जिंकायची थोडीतरी संधी मिळेल.